उत्तर येता कामा नये

अकोल्यातल्या त्या बी.एड. कॉलेजात कपाटावर थर्माकोलचं एक जातं ठेवलेलं असे. कोणत्या बॅचनं ते केलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. वरची तळी खालच्या तळीला डिंकानं अशी चिकटली होती की सात जन्मांत फिरली नसती. खुंट्याच्या जागी एक जाड पेन्सिल खोचलेली. दाणा नाही, पीठ नाही, घरघर नाही. तरी दरवर्षी मराठीचे भावी शिक्षक ते जातं ऑटोत मांडीवर घेऊन मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरातल्या शाळेत न्यायचे आणि त्याच्यावर गुण दळून आणायचे.

पाठ सगळ्यांचा एकच. इयत्ता आठवी, घटक ओवी. साधन आयतं, तक्ता आयता, टाचणही मागच्या बॅचचं आयतं. नाव आणि तारीख तेवढी बदलायची. टाचण म्हणजे पाठाची आधी लिहून ठेवलेली आखणी. तिच्यात डावीकडे शिक्षकानं काय म्हणायचं ते असतं आणि उजवीकडे मुलांनी काय म्हणायचं ते. मुलांचं तोंडही न पाहता त्यांची उत्तरं लिहून मोकळं व्हायचं, अशी ही विद्या. पोपटवाला ज्योतिषी निदान समोरच्याला खाली तरी बसवतो.

आचल गावंडे या विद्येच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाळापूरकडच्या काळ्या मातीतली पोरगी, उंच, सावळी, आणि बोलली की फरशीवर पितळी गडवा पडल्यासारखा आवाज. तिला शिकवायचं कसं हे शिकवणाऱ्या चारुता मॅडम अमरावतीच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी होती आणि त्यांचं मराठी कडक इस्त्रीचं होतं. घडी मोडेल म्हणून त्या ते फारसं वापरतही नसत. बहुतेक वेळ त्या फक्त दुसऱ्याचं सुधारत.

"आचल, 'मले' नाही. 'मला'."

"हो मॅडम. मला."

"आणि हात असे उडवू नकोस. तू पाठ घेते आहेस, कोंबड्या हाकलत नाहीस."

वर्गातली बाकीची पोरं हसायची. आचलही हसायची. हसली नाही तर आणखी सुधारतील, हे तिला कळून चुकलं होतं.

मार्च लागला, अकोल्याचं ऊन पत्र्यावर वाजायला लागलं आणि अंतिम पाठाची परीक्षा जाहीर झाली. विद्यापीठाकडून अमरावतीहून परीक्षक येणार होते. त्यातच मॅडमनी आणखी एक घोषणा केली. संस्थेच्या शाळेत मराठीची एक जागा रिकामी होती. कायमची नव्हे, तासिका तत्त्वावरची. म्हणजे शिकवाल त्या तासाचा मोबदला, आणि उन्हाळ्यात घरी बसून सूर्याकडे पाहा. अंतिम पाठात जो पहिला येईल, त्याचं नाव मॅडम संस्थेला सुचवणार होत्या.

अशा जागेसाठी दोन पदव्यांची माणसं झुरतात, यावरूनच आपण शिक्षणाला किती मानतो ते दिसतं. पण आचलला ती जागा हवी होती. ती मिळाली तर अकोल्यात एक खोली, त्या खोलीला स्वतःचं कुलूप. नाही मिळाली तर परत गाव. तिथे शिकलेल्या पोरीला लोक एकच गोष्ट विचारतात आणि तिचं उत्तर शोधायला पत्रिका घेऊन बसतात.

तिच्या वाटेत एकच जण उभा होता. केदार. तोही अमरावतीचा, गोरटेला, गोडबोल्या, केसाला पाणी लावून भांग पाडणारा. मॅडम त्याला 'केदार' अशी हाक मारत तेव्हा इस्त्रीची एक घडी आपोआप सैल व्हायची.

आता परीक्षेची खरी गंमत सांगायला हवी. पाठाची सुरुवात प्रस्तावनेनं होते. शिक्षकानं चार प्रश्न विचारायचे. पहिल्या तिन्हींची उत्तरं मुलांना आलीच पाहिजेत. चौथ्याचं उत्तर येता कामा नये. वर्ग गप्प बसला, मुलांच्या डोळ्यांत अज्ञान दाटून आलं, की शिक्षकानं म्हणायचं, 'चला तर मग, आज आपण अमुक घटक अभ्यासूया.' या चौथ्या प्रश्नाला समस्यात्मक प्रश्न म्हणतात. टाचणात त्याच्यासमोर उजव्या बाजूला दोन शब्द लिहिलेले असतात : विद्यार्थी निरुत्तर.

ओवीच्या पाठातला चौथा प्रश्न असा होता : जात्यावर दळताना बायका जे गाणं म्हणत, त्याला काय म्हणतात?

आणि खरी समस्या अशी होती की आठवीच्या त्या वर्गाला उत्तर येत होतं. का येणार नाही? जुलैपासून पाच-सहा भावी शिक्षक तेच जातं घेऊन येऊन गेले होते. बेंबीच्या देठापासून 'ओवी' ओरडायला पोरं टपलेली असायची.

या रोगावर औषध केदारनं काढलं. तो लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी घेऊन वर्गात गेला आणि म्हणाला, "बाळांनो, शेवटचा प्रश्न आला की सगळ्यांनी मान खाली घालायची. हात वर करायचा नाही. जो गप्प बसेल त्याला गोळी."

पहिल्या बाकावरचा नितेश, वर्गातला हुशार पोरगा, उभा राहिला. "पण सर, आमाले येते न!"

"येतं म्हणूनच सांगतोय, राजा."

"मंग येते त सांगाचं काहून नाही?"

"नितेश, तुला दोन गोळ्या."

नितेश बसला. दोन गोळ्यांत त्याचं शिक्षण पूर्ण झालं. पुढे तर तो या कलेत असा रंगला की प्रश्न आला की कपाळाला आठ्या घालायचा, पंख्याकडे पाहायचा, ओठ चावायचा आणि हळूच मान हलवायचा. गावच्या नाटकात मेलेल्या माणसाचं काम मिळावं असा अभिनय. त्याचं पाहून बाकीचे शिकले. शाळेत येऊन आठवीचा अख्खा वर्ग 'येत नाही' शिकला. आणि मॅडम मागच्या बाकावरून समाधानानं म्हणाल्या, "आता वर्ग तयार झाला."

केदारनं त्या दिवशी ऑटोत एक ओवीही रचली आणि जात्यावर टकटक करत म्हणून दाखवली :

"पहिला माझा पाठ, टाचणाच्या पाटावरी,
पोरं बसली मुकी, गुण पडले ताटावरी!"

"निर्लज्ज हायेस तू," आचल म्हणाली.

"आहे ना. पण मीच पहिला येणार आहे."

आचलनंही तेच केलं. तिनं गोळ्या वाटल्या नाहीत, नुसते डोळे वटारले. बाळापूरकडे तेवढं पुरतं. तिच्या सराव पाठालाही वर्ग शहाण्यासारखा वेडा झाला.

फक्त एक पोरगी वेड्यासारखी शहाणी होत होती.

तिचं नाव शालू. शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसायची. तिला खरोखरच काही येत नसे. वाचायला दिलं की पहिल्या अक्षरावर बोट ठेवून उभी राहायची आणि बोटाच्या टोकावर घाम यायचा. "तिच्याकडं लक्ष देऊ नोका," शाळेच्या वर्गशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तिले काईच येत नाही, तुमचा पाठ खराब होईन." सगळ्या भावी शिक्षकांनी तो सल्ला इमानानं पाळला. शिक्षणातला असा सल्ला पाळायला कोणाला टाचण लागत नाही. तिला कोणी प्रश्न विचारला नाही, तिनं कधी हात वर केला नाही. ती आपली ऐकत राहिली. जुलैत ऐकलं, दिवाळीआधी ऐकलं, थंडीत ऐकलं. बी किती दिवस जमिनीत राहिलं ते बी जाणे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव संपला. आचल नळावर हात धूत होती, तर शालू येऊन शेजारी उभी राहिली. नुसतीच उभी. आचलनं नळ बंद केला.

"काय व?"

"म्याडम, मले येते."

"काय येते?"

"ते शेवटचं. जात्यावरच्या गान्याले ओवी म्हनते." तिनं एका दमात सांगून टाकलं आणि मग आपल्याच तोंडातून काय निघालं याचं नवल वाटून ओढणी तोंडावर धरली. "आज आलं. आधी नोतं येत. आज तुमी इचारलं आन मले आतून आलं."

वर्षभरात या पोरीचा आवाजच आचलनं ऐकला नव्हता. घोगरा होता, थोडा, सकाळी पहिल्यांदा उघडलेल्या दारासारखा.

"उद्या तुमी इचारान तवा मी हात वर करीन," शालू म्हणाली.

"उद्या नाही." आचलच्या तोंडून पटकन निघालं. "उद्या तो प्रश्न गप्प बसाचा हाये, शालू."

"काहून?"

"तसंच असते ते."

शालूनं मान हलवली. मोठी माणसं तसंच असते म्हणाली की तसंच असतं, एवढं तिला आधीपासूनच येत होतं.

आचलनं परतताना ऑटोत ही गोष्ट केदारला सांगितली. सांगायला नको होती. केदार इतका हसला की जात्याचा खुंटा निघून रस्त्यावर पडता पडता राहिला.

"म्हणजे वर्षभरात तिला एकच उत्तर आलं आणि तेही नेमकं हे! अगं, उद्या तिला वर्गात ठेवू नकोस. मी तर तिला खडू आणायला पाठवणार आहे."

"आन खडू लगेच घेऊन आली त?"

"खडू कुठे मिळतात ते सांगणारच नाही ना."

चारुता मॅडम पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मान वळवली नाही. आरशातूनच म्हणाल्या, "वर्गरचना हाही अध्यापन कौशल्याचाच भाग आहे, आचल. अडचणीच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं. त्यात वाईट काही नाही."

अडचणीचा विद्यार्थी म्हणजे ज्याला उत्तर येतं तो. दोन वर्षं पुस्तकं वाचून ही व्याख्या आचलला कुठे सापडली नव्हती. मॅडमनी आरशात पाहून सांगितली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. पोट पुढे, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर झोप. कॉलेजनं त्यांच्यासमोर पोहे मांडले, मग जिलेबी, मग चहा, आणि दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे हे कानावर घालून ठेवलं. परीक्षकाला पाठात रस असो नसो, रोडग्यात असतो. कॉलेजं यावर चालतात.

पहिल्या तासाला केदार. शालू खडू आणायला गेली ती तास संपेपर्यंत शाळाभर फिरत राहिली. केदारनं तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरं आली. चौथा विचारला आणि वर्ग असा निरुत्तर झाला की भिंतीवरच्या पालीनंही चुकचुकायचं थांबवलं. नितेशनं तर डोळे पुसले. "चला तर मग," केदार मधाळ आवाजात म्हणाला, "आज आपण ओवी हा घटक अभ्यासूया." परीक्षकांनी दहा मिनिटं पाहिलं, 'वा' म्हटलं आणि चहाला गेले. केदारनं उरलेल्या वेळात वर्गाला ओवी म्हणजे काय ते सविस्तर शिकवलं.

तिसऱ्या तासाला आचल. वर्ग तोच, घटक तोच, जातं तेच, परीक्षकही तेच. पहिल्या तासाला ज्यांना ओवी माहीत नव्हती आणि रीतसर शिकवून झाली, त्यांना तिसऱ्या तासाला ती पुन्हा माहीत नसायला हवी होती. यात काही चमत्कारिक आहे असं त्या खोलीत एकाही शहाण्याला वाटलं नाही.

तास सुरू व्हायच्या आधी आचल शेवटच्या बाकाकडे गेली. शालूला बाजूच्या खोलीत बसायला सांगायचं, एवढंच काम होतं. एक वाक्य. शालू केसाला तेल लावून, दोन वेण्यांना लाल फिती बांधून आली होती. गणवेशाची गुंडी तुटली होती तिथे सेफ्टी पिन. आज पाहुणे येणार म्हणून कोणी तरी, बहुतेक तिनं स्वतःच, तिला सजवलं होतं.

"म्याडम, मले खडू नाही भेटले," ती अपराधी आवाजात म्हणाली. "त्या सरचा पाठ बिघडला काय?"

"नाही. झाला त्याचा मस्त."

"मंग बरं."

आचल तशीच फळ्याकडे गेली. हात वर करणार नाही ही, तिनं स्वतःला समजावलं. सांगितलंय काल. नाही करणार.

परीक्षक आले. शेजारी मॅडम बसल्या. आचलनं तारीख लिहिली, विषय लिहिला, घटकाची जागा कोरी सोडली.

"सकाळी आपण काय खातो?"

"पोळीऽऽ!"

"पोळी कशाची करतात?"

"पिठाचीऽऽ!"

"पूर्वी घरोघरी पीठ कशावर दळत असत?" असं म्हणून तिनं थर्माकोलचं जातं उचललं. वजन इतकं कमी की हात जरा जास्तच वर गेला.

"जात्यावरऽऽ!"

"छान. मग मला सांगा, जात्यावर दळताना बायका जे गाणं म्हणत, त्याला काय म्हणतात?"

वर्ग निरुत्तर झाला. माना खाली गेल्या. नितेश पंख्याकडे पाहू लागला. काय सुंदर शांतता होती! अशी शांतता शाळांना परीक्षेच्या दिवशीच लाभते. एरवी तिथे मुलं असतात.

आणि शेवटच्या बाकावर एक हात उठला.

सरळ नव्हता उठला. कोपरातून वाकलेला, दुसऱ्या हातानं खालून आधार दिलेला, विहिरीतून जड बादली ओढावी तसा. वर आला आणि तिथेच राहिला. हाताच्या मागे शालूचं तोंड होतं आणि त्या तोंडावर भीती होती, पण हात खाली येत नव्हता.

आचलनं पाहिलं. मॅडमनीही पाहिलं आणि मान अगदी थोडी, एका पोळीच्या जाडीइतकी, डावी-उजवीकडे हलवली. नाही. पुढचं वाक्य आचलच्या घशात तयार होतं : चला तर मग. एवढे तीन शब्द म्हटले की खोली, कुलूप, किल्ली. न पाहिल्यासारखं करायचं. वर्षभर सगळ्यांनी त्या पोरीला न पाहिल्यासारखंच केलं होतं. आणखी एकदा केल्यानं तिचं काय नवीन नुकसान होणार होतं?

हात अजून वरच होता.

"हं, शालू," आचल म्हणाली. "सांग."

शालू उभी राहिली. बाक करकरला. "ओवी म्हनते, म्याडम."

"अबे!" नितेश पहिल्या बाकावरून गर्रकन वळला. "सांगाचं नोतं न बे ते!"

"पन मले आलं न!" शालू म्हणाली.

सगळा वर्ग खिदळला. दोन पोरं बाकाखाली गेली. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दिवसभरात पहिल्यांदा वर्गाकडे पाहिलं.

"बरोबर," आचल म्हणाली. "एकदम बरोबर, शालू. शाब्बास."

शालू बसली नाही. शाब्बास झाल्यावर बसायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. मग शेजारणीनं तिला कमीज धरून खाली ओढलं.

आता टाचण संपलं होतं. पुढची पाचही पानं ओवी म्हणजे काय हे न कळलेल्या मुलांसाठी होती, आणि तशी मुलं त्या वर्गात शिल्लक नव्हती. आचलनं टाचण मिटून टेबलावर ठेवलं. तिचे हात उडायला लागले, ते तिनं उडू दिले.

"खरं सांगा बरं. कोनाकोनाले येत होतं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक हात, मग चार, मग सगळे. नितेशनं सगळ्यात शेवटी, दोन गोळ्यांचा हिशेब मनात करून, वर केला.

"मंग आता हे सांगा, यातलं तुमाले काय येत नाही?"

हा प्रश्न त्यांना कोणीच शिकवला नव्हता. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, कागदावर काही लिहिलं आणि उठले. मॅडम त्यांच्यामागे पदर सावरत गेल्या. जाताना दारातून आचलकडे असं पाहिलं की त्या नजरेनं दूध नासलं असतं.

दार लागलं. मग नितेशच म्हणाला, "म्याडम, त्या तक्त्यावरची ओवी. ते शेवटचं मले काईच समजत नाही."

तक्त्यावर लाल शाईत लिहिलं होतं :

काळ्या रानात पेरलं, पांढरं शुभ्र फुटलं,
माझ्या बंधवाच्या घरी, चांदणं मुठीत दाटलं.

"चांदणं मुठीत कसं दाटन?" नितेश म्हणाला.

"कापूस हाये तो," एक जण म्हणाला.

"कापूस त वरच झाला न, पांढरं शुभ्र. मंग हे चांदणं काय?"

"भावाचा मोबाईल असन, चमकते तो."

"तवा मोबाईल होते काय, येडे!"

"तिच्या भावाले पोरगी झाली असन," शेवटच्या बाकावरून शालू म्हणाली. इतक्या हळू, की दोनदा म्हणायला लावलं. "लहान लेकराची मूठ. दाटते न तशी."

"टाचणात तसं नाही लिहिलं," आचल म्हणाली. टाचणात लिहिलं होतं : भावाच्या समृद्धीचे वर्णन. "पन तसं बी असन. मले बी पक्कं ठाऊक नाही."

"तुमाले बी?" वर्ग हरखून गेला. आणि मग घंटा होईपर्यंत असा गोंगाट झाला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी दोनदा येऊन डोकावून गेले.

दुपारी शाळेतच पाठचर्चा झाली. सगळे भावी शिक्षक रांगेत बसले. स्वयंपाकघरातून रोडग्यांचा खरपूस वास येत होता, त्यामुळे परीक्षक थोडक्यात बोलले.

"केदार, उत्तम. वर्गावर पकड. गावंडे, तुमची प्रस्तावना फसली."

"कशी काय सर?"

"विद्यार्थिनीला उत्तर आलं."

"पण सर, ते बरोबर होतं."

"म्हणूनच तर." परीक्षकांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "चुकीचं आलं असतं तर सावरता आलं असतं."

"सर, तुम्ही पहिल्या तासाला बी इथंच बसले होते. याच पोरायले ओवी शिकवून झाली होती. त्यायले येणारच न मंग."

रांगेत कोणी तरी श्वास ओढला. चारुता मॅडमनी डोळे मिटले. इतक्या चुका एका दमात, आणि त्याही पाहुण्यांसमोर.

"हे पाहा," परीक्षक उठता उठता म्हणाले, "मी पाठ पाहतो. वर्ग नाही."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज, चष्मा पुसत म्हटलं. त्यांना ते लाजिरवाणं वाटलं नाही, मॅडमना वाटलं नाही, केदारनं तर वहीत उतरवून घेतलं.

पद्धत अशी होती की शेवटी प्रत्येकानं आपल्या पाठातली त्रुटी स्वतःच्या तोंडानं सांगायची. मॅडम म्हणाल्या, "आचल, बोल. प्रमाण भाषेत."

आचल उभी राहिली. "माझ्या पाठातील त्रुटी," ती शब्द शब्द तोलून, इस्त्री करून म्हणाली, "अशी की एक विद्यार्थिनी शिकलेली होती आणि मी तिला वर्गाबाहेर काढायला विसरले."

एक जण फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "भाषा निर्दोष," त्या म्हणाल्या. "वृत्ती नाही. बस खाली." आणि लगेच, सगळ्यांसमोर, संस्थेला केदारचं नाव सुचवत असल्याचं सांगून टाकलं. टाळ्या झाल्या. मग सगळे ताटांकडे गेले. आचल गेली नाही.

शाळा सुटत होती. फाटकाच्या सावलीत शालू थांबली होती, एक वेणी सुटलेली, फीत हातात गुंडाळलेली.

"म्याडम, त्या मोठ्या सरनं काय म्हटलं?"

"तुझं उत्तर बरोबर होतं म्हटलं."

शालूनं फीत बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "नितेश म्हनते तुमचे मार्क गेले."

आचलच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. साधं, मायेचं, दोन अक्षरांचं. पण वर्षभर या पोरांना खोटं गप्प बसायला शिकवून झालं होतं. आता खोटं बोलायलाही आपणच शिकवायचं?

"गेले," ती म्हणाली.

"माह्यानं?"

"तुझ्यानं नाही व. त्यायले उत्तर पाहिजेच नोतं."

शालूनं कपाळाला आठी घातली. ही नितेशसारखी आठी नव्हती, खरी होती. तिच्या आत काही तरी फिरत होतं, जड, सावकाश.

"उत्तर नोतं पाहिजे," ती म्हणाली, "त मंग इचारलं कायले?"

आचलला दोन वर्षांत शिकलेलं सगळं आठवलं. जिज्ञासा जागृत करणे. हेतुकथनाकडे नेणे. पूर्वज्ञानाशी सांधा जोडणे. एकेक शब्द जिभेवर घेतला आणि एकेक तिला थर्माकोलसारखा हलका लागला.

"मले नाही येत याचं उत्तर," ती म्हणाली.

शालूनं तिच्याकडे पाहिलं. हसली नाही, नवलही केलं नाही. तिनं पुढे होऊन आचलच्या हाताला, मनगटाच्या जरा वर, हात लावला.

"होते तसं, म्याडम," ती म्हणाली. "मले बी पयल्या खेपेले कुठं आलं होतं."